मॅचखाली दबलेला भाग

माझी आजी चालताना-बोलताना दिसेल असा एकही व्हिडिओ आमच्याकडे नव्हता. फोटो आहेत दहा-बारा. सगळ्यांत डोक्यावर पदर, आणि कॅमेऱ्याने काहीतरी उसने नेऊन परत दिलं नसावं अशी त्याच्याकडे बघणारी नजर. लग्नांच्या कॅसेटींमध्ये ती सापडत नाही, कारण मांडवात शूटिंग चालू असायचं तेव्हा ती मागे चुलाण्यापाशी असायची. २००९ ला ती गेली.

पण आजी एकदा टीव्हीवर आली होती! २००६ साली पुण्यात मोठ्या मावशीच्या घरी 'होम मिनिस्टर'चं शूटिंग झालं, आणि योगायोगाने आजी तेव्हा लेकीकडे गेलेली होती. आदेश भावोजी, पैठणी, दारात जमलेली अख्खी सोसायटी... हा कार्यक्रम काय होता ते मराठी माणसाला सांगायला नको. २००४ ला सुरू झाला तेव्हा वाहिनीचं नाव अल्फा मराठी होतं, पुढच्या वर्षी झी मराठी झालं. आमच्या माजलगावच्या घरात पैठणीचं तसं अप्रूप नव्हतं (गेवराईकडून गोदावरी ओलांडली की पलीकडे पैठणच), अप्रूप होतं ते आजी टीव्हीत दिसण्याचं. मी तेव्हा चौथीत. भाग लागायच्या दिवशी घरात वीसेक माणसं, आणि सगळ्यांचं लक्ष टीव्हीपेक्षा बल्बकडे, कारण ते दिवस भारनियमनाचे. लाईट टिकली. मामांनी व्हीसीआरवर पूर्ण भाग रेकॉर्ड केला.

आणि मग ती कॅसेट हरवली. म्हणजे हरवली असं आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी एका रविवारी पुण्यात बसून मी जुने टीव्ही कार्यक्रम कसे हरवले हे वाचत सुटलो. (कोडमधला बग सापडत नसला की मी असंच काहीतरी वाचतो.) त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. कार्यक्रम कुणी आकसाने नष्ट केलेले नाहीत. टेप महाग होती आणि तिच्यावर जे होतं ते स्वस्त वाटत होतं, इतकं साधं कारण. अमेरिकेत 'जेपर्डी' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम १९६४ ते १९७५ रोज दुपारी चालला. हजारो भाग झाले, त्यातले आज मोजकेच उरलेत, बाकीच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. बीबीसीने 'डॉक्टर हू'चंही तेच केलं. त्यातले नऊ भाग २०१३ साली नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, कारण प्रक्षेपणासाठी तिकडे पाठवलेल्या फिल्मच्या प्रती पडून राहिल्या होत्या.

त्यातही कौटुंबिक खेळांचे कार्यक्रम पहिले बळी. नाटक निदान पुन्हा दाखवता येतं, पण कोण जिंकलं हे एकदा कळल्यावर तो खेळ पुन्हा कोण बघणार? बॉब मंकहाउस नावाचा ब्रिटिश विनोदी नट असे खेळ चालवायचा, 'फॅमिली फॉर्च्युन्स' त्याचाच. हा गृहस्थ घरी बसून वेड्यासारखा टीव्ही रेकॉर्ड करत असे. तो २००३ ला वारला, आणि मग त्याच्या संग्रहात असे कार्यक्रम निघाले जे खुद्द वाहिन्यांकडेही नव्हते.

आपल्याकडे काय वेगळं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीचं बरंचसं थेट प्रक्षेपण. रेकॉर्डिंग झालं तरी टेप परदेशातून येणार, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायची. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका घ्या. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आई-बाबांच्या पिढीला ती तोंडपाठ आहे, पण बघायला मिळतात ते तुकडेच. सबीरा मर्चंट यांचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' हा शब्दांचा खेळ तर मुंबई केंद्रावर पंधरा वर्षं चालला. त्यात भाग घेतलेले किती लोक आज आजी-आजोबा झाले असतील! त्यांनी नातवंडांना काय दाखवायचं?

हे सगळं वाचून मला दूरदर्शनचा राग आला होता. तो फार टिकला नाही.

दिवाळीला माजलगावला गेलो तेव्हा माळ्यावरून खोकं काढलं. सतरा कॅसेटी. काहींवर बुरशीची पांढरी नक्षी. मामा खाली उभे राहून म्हणाले, "काय करायलास रं वर? उंदरं हायती तिथं." एका कॅसेटवर मामांच्या अक्षरात 'माय टीव्हीत' असं लिहिलेलं, त्यावर काट मारून खाली 'फायनल'.

मी मामांकडे बघितलं. मामा दुसरीकडे बघायला लागले.

२४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग. ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, समोर पाकिस्तान. पाकिस्तानची बॅटिंग सुरू व्हायला आली, घरात कोरी कॅसेट नाही. मामांनी हाताला लागली ती घातली. "मला वाटलं त्याच्यावर पिक्चर हाय," मामा म्हणाले. ते खोटं नव्हतं. कॅसेटवर आधी एक सिनेमा होता आणि त्याच्यामागे आजीचा भाग.

व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला. बीडला एका फोटो स्टुडिओवाल्याकडे चालू मशीन निघालं. त्याच्या भिंतीला लग्नांच्या कॅसेटींची रांग, लोक न्यायलाच आले नाहीत म्हणून पडलेली. त्याने बुरशी पुसली, कॅसेट घातली, आणि आम्ही मॅच बघत बसलो.

इथे थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा.) पुसलेल्या हार्डडिस्कवरून पुष्कळदा डेटा परत मिळतो, कारण डिलीट म्हणजे नुसती यादीतून नोंद काढलेली असते. व्हीएचएसचं तसं नाही. रेकॉर्डिंग करताना फिरत्या ड्रमच्या आधी एक इरेज हेड असतं, ते टेपची पूर्ण रुंदी साफ करतं आणि मग नवं लिहिलं जातं. खालचं चित्र कुठलंही सॉफ्टवेअर वर आणत नाही. मात्र इरेज हेड आणि ड्रम यांच्यात काही सेंटिमीटर अंतर असतं. म्हणून रेकॉर्डिंग थांबवलं की तेवढी टेप पुसलेली पण कोरी राहते, पडद्यावर दोन-तीन सेकंद मुंग्या दिसतात. त्यानंतर जुनं जे काही उरलं असेल ते सुरू होतं.

मिसबाहने तो फटका मारला, श्रीशांतने झेल घेतला, मैदानभर धावपळ. मग मुंग्या.

मग मावशीचा हॉल.

चार मिनिटं दहा सेकंद. खेळ संपलेला, मावशीच्या हातात पैठणी. (हो, मावशी जिंकली होती. शेजारच्या काकूंना ते अजून पटलेलं नाही.) मागे सोफ्याच्या टोकाला आजी. कुणीतरी तिला नाव घ्यायला सांगतं. ती पदर तोंडाला लावते, मान हलवते, लाजून हसते, आणि मग काहीतरी बोलते. टाळ्यांमध्ये शब्द लागत नाहीत, पण आवाज तिचाच. मी हेडफोन लावून तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

मामा बीडला आले नव्हते. रात्री लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं, उठून अंगणात गेले, बऱ्याच वेळाने आत आले. म्हणाले, "मॅच तर आता मोबाइलवर कवाबी दिसती की रं."

उरलेला भाग कुठे असेल? मावशी म्हणते, हरलेल्या त्या शेजारच्या काकूंच्या मुलानेही रेकॉर्ड केला होता. ते कुटुंब आता नाशिकला आहे. नंबर मिळालाय. येत्या शनिवारी फोन करतोय.