आंबा घाटातील फियाट आणि ठिणगीवरचा पहारा

१/ आंबा घाट उतरून साखरप्याच्या वाटेने रत्नागिरीकडे येणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारीचे इंजिन दोन कारणांनी मर्यादेबाहेर फिरू शकते: चालकाच्या पायामुळे किंवा उतारामुळे. एका लहानशा सुट्या भागाची महती आणि मर्यादा याच भेदात दडली आहे. (धागा)

२/ कॉइलमधून आलेली वीज क्रमाने प्रत्येक प्लगकडे धाडतो तो डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचा रोटर. चार स्ट्रोकचे, चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा रोटर ३००० फेरे घेतो आणि १२,००० ठिणग्या वाटतो.

३/ फेरे प्रमाणाबाहेर वाढले की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. प्रसंगी पिस्टनवर आदळतात. म्हणून पोर्शे ९११, व्होल्वो अशा युरोपीय मोटारींच्या रोटरमध्ये स्प्रिंगने धरलेले वजन बसवले गेले. ठरावीक वेगाला ते बाहेर सरकते आणि ठिणगी प्लगकडे न जाता ‘अर्थ’ होते. फेरे उतरले की वजन पुन्हा जागेवर.

४/ तत्त्व जुनेच. फिरत्या वजनाने यंत्राला आवर घालणारा गव्हर्नर जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडला होता.

५/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. इंजिन १०८९ सीसीचे, रोटर साधा. मर्यादा राखायची ती चालकाच्या कानाने.

६/ घाटात मात्र पहारेकरी रोटरही हतबल ठरतो. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवू लागली, तर ठिणगी तोडून फेरे थांबत नाहीत. तेथे ब्रेक आणि विवेक हेच उपाय.

७/ ठिणगी तुटली तरी कार्बोरेटरमधून पेट्रोल येतच राहते आणि न जळता धुराड्यात जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते घातक. भारतात १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठिणगीऐवजी इंधनच तोडू लागली.

८/ जुन्या मोटारीत असा रोटर बसवताना त्याची मर्यादा त्याच इंजिनाची आहे ना, हे पाहणे अगत्याचे. स्प्रिंग थकली असेल, तर तो ऐन ओव्हरटेकच्या क्षणी, वेळेआधीच ठिणगी तोडतो.

९/ ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी निवृत्त झाली. तिच्याबरोबर, इंजिनाचा सूर ऐकून गिअर बदलणाऱ्या चालकांची विद्याही मागे पडत आहे. तिची नोंद कोणत्याही सुट्या भागावर कोरलेली नाही.