आरोग्य सदर : विणलेला स्टेंट, त्यावरचा थर आणि आपल्या गोळ्या



'स्टेंट' म्हटले की आपल्याला हृदयाची अँजिओप्लास्टी आठवते. पण मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यासाठी, म्हणजे एन्युरिझमसाठी, वेगळ्या जातीचा स्टेंट वापरतात. त्याची ही थोडक्यात माहिती.

हृदयाचा स्टेंट बहुधा धातूची नळी लेसरने कापून करतात व आतल्या बलूनने फुगवतात. हा स्टेंट मात्र बारीक तारा विणून केलेला असतो. पायजम्याची पोकळ विणीची नाडी डोळ्यांपुढे आणा. ताणली की लांब व बारीक, सोडली की आखूड व रुंद! तसाच हा स्टेंट कॅथेटरमधून बारीक होऊन जातो आणि बाहेर पडताच आपोआप उलगडतो. या तत्त्वावरचा 'वॉलस्टेंट' १९८६ साली माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवला गेला. मेंदूसाठीच्या ४८ तारांच्या 'पाइपलाइन'ला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. दाट विणीमुळे फुग्यात शिरणारे रक्त मंदावते व फुगा हळूहळू बंद होतो.

अडचण अशी, की उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून नव्या प्रकारांत तारांवर शरीराला मानवणाऱ्या पॉलिमरचा अतिशय पातळ थर देतात. त्यांपैकी फॉस्फोरिलकोलीनची रचना तांबड्या पेशींच्या आवरणातील घटकासारखी असते, त्यामुळे प्लेटलेट्स त्याला कमी चिकटतात.

पण थर आहे म्हणून गोळ्या नकोत, असे मुळीच नाही. सहसा अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल (किंवा तत्सम गोळी) काही महिने एकत्र आणि पुढे अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात. भारतात जाताना म्हणूनच हे लक्षात ठेवा :

* गोळ्या हातातल्या बॅगेत व पुरेशा ठेवा. ब्रँडची नावे तिकडे वेगळी असतात; औषधाचे मूळ नाव लिहून ठेवा.
* सुट्टीत दातांचे काम उरकायचे आहे? कोणी 'रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद करा' म्हटले, तरी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
* स्टेंटचे कार्ड जवळ बाळगा. एमआरआयपूर्वी ते दाखवा.
* तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे असे अचानक झाल्यास ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांक आहे.

आई-बाबा इकडे येणार असतील, तर त्यांनाही हे जरूर वाचून दाखवा.