तुरुंगातील श्रोते

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा रेल्वे स्थानकापासून जवळच कचारगडची गुहा आहे. या गुहेत कोंडलेल्या मुलांची पहांदी पारी कुपार लिंगो यांनी सुटका केली, अशी गोंड परंपरेतील कथा आहे. माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. बंदिवासाची ही कथा पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती कागदावर नव्हे, ऐकणाऱ्यांच्या स्मरणात. मराठीतील तुरुंगसाहित्याकडेही याच बाजूने पाहता येते.

बंदिवान लेखक म्हटले की आपल्यासमोर एकाकी कोठडी उभी राहते. मंडाले येथे १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या टिळकांना हे चित्र शोभते. साने गुरुजींना ते लागू पडत नाही.

अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून गुरुजी १९३०च्या सविनय कायदेभंगात उतरले आणि शिक्षा भोगू लागले. वसतिगृहात हस्तलिखित दैनिक चालवताना त्यांचा हात लिहिता झाला होताच. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला. ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा एका कैद्याच्या वाणीतून आणि दुसऱ्याच्या लेखणीतून सिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्री’ आहेत. श्याम सांगतो आणि आश्रमातील मित्र ऐकतात. वर्षभरापूर्वी स्वतः श्रोता असलेल्या माणसाने ही रचना निवडावी, हा केवळ योगायोग वाटत नाही. तुरुंगाने त्यांना एकांतापेक्षा सांगणे-ऐकणेच अधिक दिले, असे मला वाटते.

मात्र येथेच एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. त्याच भिंतींआड चोरीच्या, मारामारीच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले असंख्य कैदी होते. त्यांच्याजवळही सांगण्यासारखे होतेच. अक्षरओळख आणि टिपून घेणारा सोबती नव्हता. शिक्षा झालेला माणूस तुरुंगात लेखक होतो, हे आपण कौतुकाने सांगतो. पण तो बहुधा आधीच शिकलेला असतो. इतरांच्या कथा कोणी ऐकल्या, हे विचारल्याशिवाय तुरुंगसाहित्याचा इतिहास पुरा होणार नाही.