खत म्हणून उतरलेली राख : घातक कचऱ्याचा व्यापार आणि बासेल करार

#थ्रेड

१/ जानेवारी १९८८. हैती देशातील गोनाईव्ह शहराजवळच्या किनाऱ्यावर ‘खियान सी’ नावाचे मालवाहू जहाज माल उतरवू लागले. कागदोपत्री ते शेतीचे खत होते. प्रत्यक्षात ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीतील राख होती. तिच्यात शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू होते.

२/ ही राख तेथवर आली कशी? फिलाडेल्फिया आपला कचरा जाळून उरलेली राख शेजारच्या न्यू जर्सी राज्यात पाठवीत असे. १९८४ साली न्यू जर्सीने ती स्वीकारण्याचे थांबवले. अखेर १९८६ मध्ये सुमारे १४,००० टन राख भरून जहाज बहामाकडे निघाले. बहामाने ती नाकारली. त्यानंतर होंडुरास, पनामा आणि इतरही देशांनी तेच केले.

३/ हैतीत मात्र ‘खत’ या नावाखाली परवाना मिळाला. सुमारे ४,००० टन राख उतरल्यावर खरा प्रकार उघडकीस आला. सरकारने राख परत भरून नेण्याचा हुकूम दिला. परंतु ती किनाऱ्यावर तशीच टाकून जहाज निघून गेले.

४/ उरलेली राख घेऊन ते महिनोन्‌महिने समुद्रावर भटकत राहिले. वाटेत त्याने दोनदा नाव बदलले : आधी ‘फेलिसिया’, मग ‘पेलिकानो’. १९८८ च्या अखेरीस ते सिंगापूरला पोहोचले तेव्हा त्याचे पोट रिकामे होते. राख महासागरात ओतली गेली होती. १९९३ मध्ये कंपनीच्या दोघा अधिकाऱ्यांना दोषी ठरवण्यात आले, ते शपथेवर खोटे बोलल्याबद्दल.

५/ त्याच १९८८ साली नायजेरियातील कोको या लहानशा बंदरगावी इटलीतून आलेली विषारी रसायनांची हजारो पिंपे सापडली. महिना सुमारे १०० डॉलर भाड्याने घेतलेल्या एका घराच्या आवारात ती रचून ठेवली होती. नायजेरियाने ती इटलीला परत न्यायला लावली. माल घेऊन परतणाऱ्या ‘कारिन बी’ जहाजाला मग युरोपातील एकामागून एक देशाने बंदर नाकारले. आफ्रिकेच्या अंगणात चालणारे विष स्वतःच्या दारात कोणालाच नको होते.

६/ यामागचे अर्थकारण सरळ होते. १९७० नंतर श्रीमंत देशांत पर्यावरणाचे कायदे कडक झाले आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट महाग झाली. गरीब देशांना परकीय चलन हवे होते, आणि आलेला माल तपासण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. कचरा उताराकडे वाहू लागला.

७/ या संतापातून, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख मुस्तफा तोल्बा यांच्या पुढाकाराने, २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासेल करार संमत झाला. ५ मे १९९२ पासून तो अमलात आला. त्याचे मुख्य सूत्र असे : घेणाऱ्या देशाच्या, आणि वाटेतील देशांच्याही, पूर्वसंमतीवाचून घातक कचरा हलवायचा नाही. निर्यातदाराने बेकायदा पाठवलेला माल मूळ देशाने परत घ्यायचा.

८/ आफ्रिकी देशांना मात्र संमतीची अट पुरेशी वाटली नाही. त्यांना पूर्ण बंदी हवी होती. गरजू देशाची संमती विकत घेता येते, हे त्यांनी अनुभवले होते. १९९१ मध्ये त्यांनी बामाको येथे स्वतंत्र करार करून आफ्रिकेत अशा कचऱ्याची आयातच निषिद्ध ठरवली. श्रीमंत देशांतून गरीब देशांत होणाऱ्या निर्यातीवर बंदी घालणारी बासेलची दुरुस्ती १९९५ मध्ये संमत झाली. ती अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडले. चोवीस वर्षे!

९/ करार झाला तरी नाव बदलण्याची युक्ती संपली नाही. आपल्या न्हावा-शेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली टाकाऊ तेल आले होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तेलाचे १३३ कंटेनर आयातदारांच्या खर्चाने भट्टीत नष्ट करण्याचा आदेश दिला. हैतीत ‘खत’, येथे ‘वंगण’. म्हणून कराराची खरी कसोटी बंदरावरच्या प्रयोगशाळेत लागते.

१०/ आणि गोनाईव्हच्या राखेचे काय झाले? ती बारा वर्षे हैतीतच पडून होती. २००० साली ती उचलण्यात आली. पुढे दोन वर्षे फ्लोरिडात एका बार्जवर पडून राहिल्यावर २००२ मध्ये ती पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फियाच्याच राज्यात, पुरली गेली. निघाल्यापासून सोळा वर्षांनी.

११/ बासेल करारावर अमेरिका आणि हैती या दोघांनीही सही केली. त्याला अंतिम मान्यता मात्र दोघांनीही दिलेली नाही. ज्या राखेने जगाला हा करार करायला भाग पाडले, ती जेथून निघाली आणि जेथे टाकली गेली, ते दोन्ही देश आजही त्याच्या चौकटीबाहेर आहेत.

#इतिहास #पर्यावरण