एसटी २०५/७५ आर १५ : टायरच्या कडेवरचा इतिहास कसा वाचायचा

शीर्षकातली ‘एसटी’ म्हणजे आपली लाल परी नव्हे. अमेरिकेत गाडीच्या मागे जोडून ओढायचे कॅम्पिंग ट्रेलर असतात, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. त्या ट्रेलरच्या टायरवर ही अक्षरं असतात. एसटी म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’. टायर जुने झाले की मालकाला साधा प्रश्न पडतो : आता कोणते घेऊ आणि कसे बसवू? मात्र या प्रश्नाचं उत्तर ज्या खुणांवर अवलंबून असतं, त्या वेगवेगळ्या दशकांत जन्मल्या आहेत. कुणी एका माणसाने एका दिवशी बसून त्या ठरवलेल्या नाहीत.

पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात ‘साधन’ म्हटलं की दफ्तरखाना, बखर, पत्रव्यवहार असंच चित्र येतं. आज आपण रबराची एक वस्तू साधन म्हणून वाचू. यात जीव गुंतलेला आहे. ताशी १०० किलोमीटरने जाताना ट्रेलरचा टायर फुटला, तर ट्रेलर झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढून नेऊ शकतो. त्यात कुटुंब बसलेलं असतं.

आधी उसनवारी

अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्या तसा लोकांना गाडी घेऊन मुक्कामी फिरण्याचा नाद लागला. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही अशा भटक्यांची संघटना सुरू झाली. १९३० च्या दशकात एअरस्ट्रीमसारख्या कंपन्या ॲल्युमिनियमचे ट्रेलर बनवू लागल्या. म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर नंतरचा, ट्रेलर आधीचा. हा क्रम लक्षात ठेवा. वस्तू रस्त्यावर येते, लोक मिळेल त्या सामानावर भागवतात, आणि नियम बऱ्याच वर्षांनी मागून येतो.

‘लोड रेंज सी’ : सुती थरांची आठवण

टायरवर पुढे ‘लोड रेंज सी’ असं लिहिलेलं असतं. दुकानदार लगेच सांगतो, “सी म्हणजे सहा प्लाय.” बी म्हणजे चार, सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा.

पूर्वी टायरच्या रबराच्या आत सुती दोऱ्यांचे थर असायचे. जितके थर जास्त, तितका टायर दणकट. हिशेब सरळ होता. पुढे रेयॉन आणि नायलॉन आलं, नंतर पॉलिएस्टर आलं. दोरा मजबूत झाला, त्यामुळे कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली. पण गिऱ्हाईक थर मोजूनच टायर घेत होतं! मग उद्योगाने तोड काढली. ‘सहा प्लाय’ऐवजी ‘सहा प्लाय रेटिंग’ म्हणायचं, म्हणजे जुन्या सहा सुती थरांइतकी ताकद. त्याची जागा पुढे अक्षरांनी घेतली.

गंमत अशी की त्याच कडेवर खरा हिशेबही छापलेला असतो, कारण थर किती आणि कशाचे हे लिहिणं अमेरिकी नियमाने सक्तीचं आहे. सी दर्जाच्या रेडियल टायरच्या कडेत पॉलिएस्टरचे दोनच थर असू शकतात. एकाच वस्तूवर एक जुनी समजूत आणि एक आजची वस्तुस्थिती शेजारी शेजारी असतात. दस्तऐवज वाचतानाही असंच होतं. शब्द जुना राहतो, अर्थ सरकलेला असतो. १७ व्या शतकातल्या कागदात ‘परगणा’ दिसला आणि १९ व्या शतकातल्या कागदातही दिसला, तर दोन्हींचा अर्थ एकच आहे असं गृहीत धरू नका.

एसटी वेगळा का?

मोटारीचा टायर ट्रेलरला चालत नाही का? मापाने बसतो, पण काम वेगळं आहे. दोन आसांचा ट्रेलर अरुंद जागेत वळवला, की चाकं फिरण्याऐवजी आडवी घासत जातात आणि टायरच्या कडेला पीळ बसतो. शिवाय ट्रेलर बहुतेक वेळ भरलेलाच असतो. म्हणून एसटी टायरची कड ताठ ठेवतात, हवा जास्त भरतात आणि त्याच मापात त्याला जास्त वजन पेलायला लावतात.

आकडे बघा. एसटी २०५/७५ आर १५, लोड रेंज सी, ५० पीएसआय हवेला १,८२० पौंड पेलतो. त्याच मापाचा मोटारीचा टायर साधारण १,६०० पौंडांचा असतो. तो ट्रेलरला लावायचा तर नियमाप्रमाणे त्याची क्षमता १.१० ने भागावी लागते, म्हणजे उरले १,४५० च्या आसपास. एका चाकामागे साडेतीनशेहून जास्त पौंडांचा फरक पडला.

तारीख : एक अंक कमी पडला

१९६० च्या दशकात अमेरिकेत रस्त्यावरचे मृत्यू हा राजकीय प्रश्न झाला. राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. टायरवर दिसणारी ‘डीओटी’ ही अक्षरं त्याच कायद्याच्या व्यवस्थेतून आली. १९७१ पासून प्रत्येक टायरला ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सदोष माल परत बोलावायचा, तर कोणत्या कारखान्यात आणि केव्हा बनला हे कळायला हवं, हा त्यामागचा हेतू. १९७८ मध्ये फायरस्टोनचे ‘५००’ मालिकेतले टायर परत बोलावले गेले. त्यांची संख्या १ कोटी ४० लाखांच्या वर होती.

पण तारखेला तीनच अंक होते : दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. ‘२३८’ म्हणजे २३ वा आठवडा आणि आठवं वर्ष. १९७८, १९८८ की १९९८? टायर दहा वर्षं टिकून कुणी तो वापरेल, ही शक्यता जणू हिशेबातच नव्हती. मोटारीच्या टायरच्या बाबतीत ते बरंचसं खरं, कारण तो आधी झिजतो. ट्रेलर मात्र वर्षातले बहुतेक महिने अंगणात उभा असतो. नक्षी नवी कोरी आणि आतलं रबर मेलेलं, असा प्रकार होतो. २००० पासून चार अंक आले. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आपल्या स्कूटरच्या टायरवरही असे चार अंक सापडतील.

२००० आणि एक वगळलेली ओळ

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लागलेले होते. नक्षीचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकी सरकारच्या हिशेबात मृतांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. संसदेने घाईने कायदा केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी त्यावर सही झाली. त्यातून २००३ मध्ये हलक्या वाहनांच्या टायरसाठी नवं, कडक मानक जाहीर झालं.

आता ते मानक उघडून ‘लागू कोणाला’ हे कलम वाचा. हलक्या वाहनांचे नवे रेडियल टायर, असं म्हटल्यावर अपवाद येतात. मोटरसायकल वगळली, शेती अवजारांचे टायर वगळले, आणि ट्रेलरचे एसटी टायरही वगळले. एसटी टायर १९७० च्या दशकातल्या जुन्या मानकाखालीच राहिले.

माझ्या मते ट्रेलरच्या टायरच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर कायदा येतो तेव्हा इतिहासकार बहुधा लिहितो, “यानंतर सुरक्षितता वाढली.” वाढली, पण कोणाची? दुर्घटना मोटारीची होती, तिच्यासाठी दार उघडलं. तिच्याच मागे जोडलेला ट्रेलर दाराबाहेर राहिला. कुठलाही कायदा, गॅझेट किंवा जीआर अभ्यासताना प्रस्तावनेइतकंच लक्ष व्याप्ती आणि अपवाद या कलमांकडे द्या. प्रस्तावनेत सरकार आपला हेतू सांगतं. कोणाला आत घेतलं नाही, हे अपवादांतून कळतं. अमेरिकेत नियम करताना आलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरं राजपत्रात छापतात. अपवादामागची चर्चा शोधायची तर तिथे जायचं.

ताशी ६५ मैल : इथे थांबा

एसटी टायरवर वेगाची वेगळी खूण नसेल, तर त्याची कमाल मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर धरतात. ट्रेलरवाल्यांत याची एक गोष्ट प्रचलित आहे. तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, म्हणून टायरवाल्यांनी ६५ पुरेसं मानलं. १९९५ मध्ये ती मर्यादा रद्द झाली, राज्यांनी वेग वाढवले, आणि टायर मागे राहिला.

गोष्ट छान जुळते, म्हणून तर सावध राहायचं. काळ जुळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. ‘आधी हे झालं, नंतर ते झालं’ यावरून ‘याच्यामुळे ते झालं’ असं लिहायचं, तर मधला दुवा कागदावर दाखवावा लागतो : मानक ठरवणाऱ्या समितीची टिपणं, पत्रं, जुन्या भारतक्त्यांच्या आवृत्त्या. तोवर प्रबंधात ‘समकालीन’ लिहा, ‘परिणामी’ लिहू नका. एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं की १९९५ नंतर रस्ता आणि टायर यांच्यातलं अंतर वाढलं. अलीकडच्या बऱ्याच एसटी टायरवर वरच्या वेगाची अक्षरं येतात, ती याच अंतराला दिलेलं उत्तर आहे.

मग टायर निवडायचा कसा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरचा इतिहास माहीत असला की प्रत्येक पायरीचं कारण कळतं.

ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढच्या भागात एक लेबल असतं. त्यावरचं माप, लोड रेंज आणि हवेचा दाब आधी टिपा. पण तिथेच थांबू नका. नियमाची किमान अट एवढीच, की आसावरच्या टायरांची मिळून क्षमता आसाच्या ठरलेल्या क्षमतेइतकी भरावी. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या टायरला फारशी उसंत नसण्याची शक्यता असते. सामान आणि पाणी भरून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. जमलं तर एकेका चाकाचं वजन घ्या, कारण शेगडी आणि टाकी एकाच बाजूला असली की भार सारखा वाटला जात नाही.

उसंत हवी असेल तर एक अक्षर वर जा. त्याच मापाचा डी टायर ६५ पीएसआयला २,१५० पौंड पेलतो. पण आधी बघा, डिस्क तेवढ्या दाबासाठी बनली आहे का? साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ च्या पुढे चालत नाही, तिथे धातूचा लागतो. टायर आकाराने मोठा घेत असाल, तर वरचा पत्रा आणि शेजारचं चाक यांच्यात जागा उरते का ते मोजा. रेडियल आणि बायस (आपल्याकडे दुकानात ज्याला ‘नायलॉन’ म्हणतात तो) एकत्र लावू नका.

पैसे देण्यापूर्वी तारखेचे चार अंक वाचा. पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असू शकतो, त्यामुळे टायर उलटून बघा. दुकानात दोन वर्षं पडून असलेला ‘नवा’ टायर घेतलात, तर त्याचं आयुष्य तिथेच खर्च झालेलं असतं. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी पाचेक वर्षांनी बदलावेत, असं अनेक उत्पादक सांगतात.

बसवताना जॅक आसाच्या नळीखाली लावायचा नाही, सांगाड्याखाली लावायचा. नळी वाकली तर चाकं कायमची तिरकी धावतात. नट ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोरचे आवळायचे, आणि ते टॉर्क पान्याने, ट्रेलरच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. मग १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासायचे, कारण नवी बसलेली डिस्क दबते आणि नट सैल पडतात. हवा टायर थंड असतानाच मोजायची. कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. पुढचं सांगायला नको.

तुमच्यासाठी गृहपाठ

विषय सापडत नसेल तर एक व्यायाम करून बघा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. एका ट्रॉलीच्या टायरवरची प्रत्येक खूण वहीत उतरवा. मग प्रत्येक खुणेपुढे तीन प्रश्न लिहा : ही कधीपासून आली? कोणत्या घटनेनंतर किंवा कोणाच्या आग्रहाने आली? आणि ती ज्या नियमातून आली, त्यात ही ट्रॉली धरली आहे की वगळली आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ग्रंथालयात मिळेल, दुसऱ्याला दफ्तरखाना लागेल. तिसऱ्यासाठी ट्रॉलीवाल्याशी बोला. टायर तो कुठून आणतो, नवा की वापरलेला, किती वर्षं चालवतो, हे तुम्हाला कुठल्याही राजपत्रात सापडणार नाही. ही तिन्ही उत्तरं एका पानावर मांडलीत, की सिनॉप्सिसचं पहिलं पान जवळपास तयार झालं समजा.