राजा गेल्यानंतर

मराठी नाटकाचा जन्म सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला झाला, हे आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. १८५१ साली काय झालं, हे मात्र विचारून बघा. त्या वर्षी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन वारले, आणि त्यांच्या मागं विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीचा दरबारी आधार सुटला. मराठी नाटकाची खरी गोष्ट तिथून सुरू होते, असं माझं मत आहे. या मतावरून आमच्या भिशीच्या सहलीत जे रामायण झालं, ते पुढं येईलच.

मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर भिशीतल्या बायकांची वर्षाची सहल ठरवायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. नरसोबाची वाडी, गोंदवले, महाबळेश्वर सगळं उरकून झालं होतं. म्हटलं, यंदा देवाला जायचंच, पण वाटेत चित्र, नाटक आणि गाणंही बघायचं. औंध, सांगली, मिरज. सकाळी सहाला निघालं तर एका दिवसात होतं, फक्त नाश्त्याला कुणी तासभर लावायचा नाही. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पुढच्या सीटवर आमच्या थोरल्या जाऊबाई बसल्या. त्यांचं आयुष्य सहकारी बँकेच्या हिशेबात गेलं. त्यामुळं प्रत्येक ठिकाणी उतरल्या उतरल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे बांधायला पैसे कुणी दिले?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कलेच्या इतिहासात आपण तो विचारतच नाही. "राजाश्रय लाभला" एवढं लिहिलं की माहितीफलक रंगवणारा मोकळा होतो. राजा गेल्यावर त्या कलेनं पोट कसं भरलं, ते फलकावर कधी नसतं. साताऱ्याच्याच माणसाला हे जास्त खुपावं. आमची गादी १८४८ लाच इंग्रजांनी खालसा केली. आश्रय तुटणं म्हणजे काय, हे आम्ही सांगलीच्या आधी पाहिलंय.

रहिमतपूरवरून औंध गाठलं. यमाईच्या डोंगराच्या चढावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. बाळासाहेब स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्काराचा प्रचार तर असा करत की संस्थानातल्या शाळांतून पोरांची सुटका नव्हती. संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर, म्युलर, बाबूराव पेंटर यांची चित्रं आहेत, आणि खेड्यात कुणी अपेक्षा करणार नाही असं हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड'. आमच्या शेजारच्या काकू त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, नाकडोळे काढायचे राहिले का हो?" मी वर्गात शिकवायची तसं आकार, पोकळी, वजन असं काहीबाही समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं. "पण पोराला धरलंय मात्र बरोबर," एवढं बोलून त्या पुढं गेल्या. मूरवरची बरीच पुस्तकं यापेक्षा फार काही सांगत नाहीत.

मला औंधची इमारत आवडते ती तिच्या उजेडामुळं. दालनांत वरून दिवसाचा उजेड उतरतो. विजेवर भिस्त न ठेवता चित्र दिसावं असा विचार बांधणाऱ्यानं केलेला आहे. आणि जागा? राजवाड्यात नाही, देवीच्या वाटेवर. पौषातल्या यात्रेला येणारा शेतकरी देवीला जाता-येता रविवर्मा बघेल, असा हा हिशेब असावा असं मला वाटतं. कारण साल बघा. संग्रहालय १९३८ चं, आणि १९३९ च्या जानेवारीत बाळासाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना जाहीर करून कारभार लोकांच्या हाती दिला. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर त्या खटपटीत होता. आपण फार दिवस राजे राहणार नाही, हे ज्याला कळलेलं असतं तोच राजा असली इमारत बांधतो. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, संग्रहालय पुढं सरकारकडं गेलं, आणि चित्रं जागच्या जागी राहिली. कितीतरी संस्थानिकांची चित्रं तेव्हा लिलावात गेली.

औंधचं सगळंच मात्र राहिलं नाही. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. त्यांचा स्वाध्याय मंडळाचा छापखाना वर्षानुवर्षं औंधात होता. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीनंतर ते गुजरातेत पारडीला गेले ते गेलेच. आमच्या भागात ब्राह्मणांचे वाडे जळाले त्याबद्दल अजून घरात हळू आवाजात बोलतात. उलट, अनंत मनोहर जोशी म्हणजे अंतूबुवांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली औंधला सुरू केलेला संगीत उत्सव राजाच्या मागंही चालू राहिला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो पुढं नेला. आश्विनात वद्य पंचमीला जाणकार मंडळी अजून गाड्या करून येतात आणि रात्रभर बसतात.

पुसेसावळीवरून पलूसकडं निघालो. वाटेत किर्लोस्करवाडीची पाटी आली तेव्हा मागच्या सीटवरून "हेच का नाटकवाले किर्लोस्कर?" असं विचारणं झालं. ते नव्हेत. नाटकवाले अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. हे नांगरवाले लक्ष्मणराव. बेळगावातून जागा सोडायची वेळ आली तेव्हा ते औंधला यमाईच्या मंडपाचं काम करत होते, आणि बाळासाहेबांनी त्यांना कारखान्याला माळरान दिलं. साल १९१०. जाऊबाई खूष. पैसे कुणी दिले याचं उत्तर न विचारता मिळालं होतं. त्याच भागात कृष्णाकाठी नागठाणे, बालगंधर्वांचं गाव. आमच्या साताऱ्याजवळही एक नागठाणे आहे. तिथले लोक गंधर्वांवर हक्क सांगत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा.

सांगलीत आप्पासाहेबांनी बांधलेल्या गणपतीचं दर्शन घेऊन आवारात डबे सोडले. धपाटे आणि दही खाता खाता मी भाव्यांची गोष्ट सांगायला घेतली.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला खेळ घेऊन आली. आप्पासाहेबांना प्रकार आवडला, त्यातला धांगडधिंगा आवडला नाही. असं काहीतरी आपल्या भाषेत, नीटनेटकं करा, म्हणून त्यांनी दरबारी नोकराच्या मुलाला सांगितलं. विष्णू अमृत भावे. या तरुणाला बाहुल्या करण्याचा नाद होता. त्याच्या लाकडी बाहुल्या पुढं कितीतरी वर्षांनी रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रचलं आणि ते वाड्यात झालं. आज आपण ज्याला नाटक म्हणतो ते यात फार थोडं होतं. पदं सगळी सूत्रधार म्हणणार, मागं टाळ-मृदंग, विदूषकाच्या गमती, गणपती येणार, सरस्वती मोरावर नाचत येणार, मग पात्रांनी आपापली भाषणं जागच्या जागी सुचतील तशी करायची. राक्षस "अलल डुर्र" अशी आरोळी ठोकून तलवार परजत उडी घेणार. स्त्रीपार्टी अर्थातच मुलगेच. पात्रं बरीचशी दरबारचीच माणसं. म्हणजे खेळ कसाही झाला तरी पगार चालू.

आणि मग १८५१. गादीचा वारस लहान, कारभार दुसऱ्यांच्या हातात. नाटकावर पैसा कशाला, असं कारभाऱ्यांना वाटलं असेल तर त्यांना तरी दोष काय द्यायचा. भाव्यांपुढं दोनच वाटा होत्या: मंडळी मोडायची, नाहीतर ती घेऊन गावोगाव फिरायचं. ते फिरले. १८५३ साली मुंबईला पोचले. तिथं जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं ग्रँट रोडचं थिएटर होतं. सांगलीच्या मंडळीनं तिथं तिकीट लावून खेळ केला. साहेब लोकही बघायला आले.

तिकीट! इथं मी धपाटं हातात धरूनच बोलत सुटले. वाड्यात बोलावलेला माणूस उठून जात नाही, कारण पुढं राजा बसलेला असतो. तिकीट काढलेला माणूस उठून जातो, ओरडतो, पुन्हा येतो किंवा येत नाही. त्याला धरून ठेवायला रोज नवं आख्यान लागतं, चांगला गळा लागतो, पडदे-दिवे लागतात. भाव्यांचं बघून इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या. कुणाच्या मर्जीवर न जगणारा असा हा धंदा उभा राहिला. त्या धंद्याच्या वाटेवर अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० ला पुण्यात आलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे, त्यांचं 'शारदा' १८९९ चं. 'कीचकवध' लिहून सरकारला झोंबणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. 'कीचकवधा'वर १९१० ला बंदी आली. दरबारच्या खर्चानं चालणाऱ्या मंडळीला व्हाइसरॉयचा कीचक करता आला असता का? संस्थानिकाला रेसिडेंटची भीती असते. तिकिटावर जगणाऱ्याला ती कमी असते.

भावे नाट्यमंदिर बाहेरून बघितलं. ५ नोव्हेंबरला इथंच विष्णुदास भावे पदक देतात, नाटकवाल्यांना ते पंढरीच्या बुक्क्यासारखं वाटतं. हरिपूरला संगमावर जायचं ठरलं होतं, पण ऊन चढलं आणि दोघींचे गुडघे बोलायला लागले. वारणा कृष्णेला मिळते ती जागा आणि देवलांचं गाव पुढच्या खेपेला ठेवलं.

मिरजेची सतारमेकर गल्ली अरुंद आहे, गाडी बाहेरच लावावी लागते. इथले वाद्यं करणारे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणारे, पाणी देणारे. १८१८ ला पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, धार लावायला कुणी येईना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता नव्या करायला घेतल्या. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना उत्तेजन दिलं, हे जाऊबाईंच्या आग्रहाखातर इथं नोंदवते. पण हत्यार घासणारा हात सुराकडं वळला, तो राज्य चालू असताना नाही, बुडाल्यावर.

काम बघण्यासारखं असतं. कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, भीमेकाठचा. तो वाळवायचा, कापायचा, भिजवायचा, आतून खरवडायचा. आकार बिघडू नये म्हणून आत काड्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवायचा. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली बसते, दांडी जोडतात, पानाफुलांचं नक्षीकाम, पॉलिश. हे सगळं झालं तरी तंबोरा मुका असतो. तो बोलतो जवारीनं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कारागीर इतक्या बारीक उतारानं घासतो की तार तिला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तारेखाली दोरा सरकवून सूर उघडेपर्यंत जुळवायचं. इथं मोजपट्टी चालत नाही, कान चालतो. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्कर चाचा तेच करत बसले होते. काकूंनी विचारलं, "बायकांचा तंबोरा वेगळा असतो म्हणे?" चाचा म्हणाले, "वैनी, आवाज वेगळा, म्हणून माप लहान. मेहनत तेवढीच." मोबाइलमधल्या तंबोऱ्यानं धंदा बसला का, हेही काकूंनी विचारलंच. "रियाजाला तो चालतो. मैफलीत हाच लागतो," एवढं सांगून चाचा पुन्हा घोडीवर वाकले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय.

तिथून मीरासाहेबांचा दर्गा. उत्तरेतल्या किरान्याहून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत रमले. ते स्वतः तंबोरा दुरुस्त करण्यात वाकबगार होते, त्यामुळं या गल्लीशी त्यांचं जमलं नसतं तरच नवल. ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर ते गेले. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं, दर्ग्याला पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो, आणि गायक बिदागीसाठी नव्हे तर हजेरी लावायला येतात.

परतीला मी जरा विजयी सुरातच म्हटलं, की बघा, तिन्ही ठिकाणी राजा गेला आणि कला टिकली. पैसे लोकांनी दिले. जाऊबाई तोवर गप्प होत्या. मग बँकेत कर्जाची फाइल परत करायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "एक सांग. १८४३ पासून १८५१ पर्यंत आठ वर्षं त्या मंडळींचा पगार कुणी दिला? पहिल्याच दिवशी तिकीट लावलं असतं तर तुझ्या भाव्यांकडं बघायला कुत्रं आलं असतं का? नव्या धंद्याला आधी भांडवल लागतं. ते राजानं दिलं, आणि तू त्याला खर्चात टाकतेयस."

मी औंधचं उदाहरण दिलं, त्यांनी तेच माझ्यावर उलटवलं. खाडिलकर काढले, त्या म्हणाल्या त्यांचं शिक्षण कुठल्या संस्थानी शाळेत झालं ते आधी बघ. वाद पेठ नाक्यापर्यंत चालला. तिथं चहाला उतरलो तेव्हा ड्रायव्हरदादांनी विचारलं, "बाई, पुढच्या वर्षी हरिपूर राहिलंय ना? मग डिझेलचं भांडवल आधी जमा करा."