दिवस कासराभर वर आला की… : उन्हाचा इतिहास कुठे शोधायचा?

समजा, किनवट तालुक्यातल्या उन्हाळी शेतीकामाच्या इतिहासावर तुम्हाला संशोधन करायचं आहे. पहिला विचार काय येईल? जुनी कमाल तापमानं मिळवायची आणि आलेख काढायचा. जरूर काढा. पण तो आकडा नेमका कशाचा, हे आधी बघा.

तापमापक ज्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याची १८६० च्या दशकातली कल्पना. तापमापकाला थेट ऊन लागू नये आणि वारा खेळता राहावा, हाच तिचा हेतू. म्हणजे ४४ अंशांची नोंद सावलीतल्या हवेची असते. शेतात पऱ्हाट्या उपटणारी बाई मात्र उन्हात उभी असते. पायाखालची काळी जमीन तापलेली असते आणि कष्टामुळे तिचं शरीर आतूनही उष्णता तयार करत असतं.

हा फरक मोजायची पद्धत १९५० च्या दशकात आली, तीही शेतमजुरांसाठी नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण छावण्यांत जवानांना उष्माघात होत होता, म्हणून एक निर्देशांक तयार झाला. त्यात ओल्या कापडाच्या तापमापकाला ७० टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि सावलीतल्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन आहे. ओलं कापड कशाला? कारण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच शरीर थंड होतं.

मग त्याआधीच्या उन्हाची नोंद कुठे शोधायची? माझं उत्तर : कामाच्या वेळांमध्ये. ‘दिवस कासराभर वर आला’ हा शब्दप्रयोग घ्या. कासरा म्हणजे बैलाचा दोर. सूर्य किती वर चढला, हे शेतकरी रोज हातात असलेल्या वस्तूने सांगतो. उन्हाळी नांगरट पहाटे सुरू करायची आणि उन्हं तापली की औत सोडायचं, कारण ऊन बैलालाही लागतं. नांगरट टाळावी तर तेही परवडत नाही. उलटलेली ढेकळं तापली तरच हरळी आणि जमिनीतली कीड मरते. शेताला हवं असलेलं ऊन अंगाला सोसत नाही, म्हणून माणसाने वेळ बदलली. किनवटच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुलंही मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच वेचतात.

इथे इतिहासाचा खरा प्रश्न सुरू होतो. दुपारी थांबायची मुभा कुणाला होती? स्वतःच्या शेतातलं औत माणूस सोडू शकतो. गुढीपाडव्याला साल ठरवलेल्या सालगड्याची वेळ मालकाच्या हातात. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांनी महाराष्ट्रात असंख्य कुटुंबं जगवली, १९७७ मध्ये त्या योजनेचा कायदाही झाला. पण तिथे मजुरी कामाच्या मोजमापावर ठरायची. जेवढं खोदाल तेवढे पैसे, म्हणजे सावलीत बसलेला तास आपल्याच खिशातून गेला. तेंदूपानाचंही तसंच, पुडक्यांवर हिशेब. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, विसावा आणि प्रथमोपचार हवेत, असं २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात म्हटलं होतं. ऊन तेच, अंशही तेच. धोका मात्र मजुरीच्या पद्धतीनुसार बदलतो.

म्हणून साधनं निवडताना तापमानाच्या तक्त्याशेजारी हजेरीपट आणि मजुरीचे दर ठेवा. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधी किनवट हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. जुने कागद फक्त नांदेडच्या नावाखाली शोधलेत, तर बरंच काही हातातून निसटेल.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाल, तेव्हा ‘त्या वेळी ऊन किती होतं?’ असं विचारू नका. ‘खूप होतं बाबा’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा : औत कधी सुटायचं? आणि ते सोडा म्हणून कोण सांगायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तापमापकात सापडणार नाही.